पायऱ्यांजवळचं पाणी

गाळमावशी बाईंना पहिल्यांदा दिसली तेव्हा ती अर्धीच दिसली. गुडघ्यापासून खाली ती तळ्याच्या गाळात होती आणि कमरेतून इतकी वाकली होती, की काठावरून नुसती तिची पाठ आणि एक विटलेली टोपी तेवढी दिसत होती. बाईंचा सहावीचा वर्ग नुकताच बसमधून उतरून तळ्याशी पोचला होता. वर्गातला सगळ्यात उतावळा मुलगा, कोणी काही सांगायच्या आतच, बुटासकट पाण्यात पाय घालून मोकळा झाला होता. बाई ओरडणार एवढ्यात ती पाठच बोलली. मागे वळून न बघता.

"हलू नकोस राजा. तुझ्या पायाखाली कोणीतरी राहतंय."

पोरगा जागच्या जागी खिळला. मावशी गाळातून सावकाश त्याच्यापाशी आली, त्याचा पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला, ओंजळभर गाळ वर काढला आणि त्यातून नखाएवढी गोगलगाय निवडून त्याच्या नाकासमोर धरली.

"हे घरमालक. माफी माग."

त्यानं खरोखर माफी मागितली. शाळेत त्याच्याकडून माफी वदवून घ्यायची तर बाईंना अख्खी मधली सुट्टी खर्ची घालावी लागायची.

बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. 'गोड्या पाण्यातील अधिवास' असा एक धडा पुस्तकात होता आणि त्यात एक चित्र होतं. एकाच तळ्यात बेडूक, मासा, कमळ, गोगलगाय, चतुर, पाणकोंबडी असे सगळे जण लग्नाच्या फोटोला उभे असल्यासारखे दाटीवाटीनं बसवलेले. ते चित्र बाईंना मुळीच आवडत नसे. म्हणून शहराच्या कडेला असलेल्या ह्या निसर्ग उद्यानात त्या दरवर्षी वर्ग घेऊन यायला लागल्या. उद्यानातलं तळं लहानच होतं. एका बाजूला दगडी पायऱ्या, बाकी तिन्ही बाजूंना लव्हाळं. त्या तळ्याची देखभाल आणि सहलीला आलेल्या मुलांना तळं दाखवणं हे मावशीचं काम.

'गाळमावशी' हे नाव मुलांनीच ठेवलं. ते तिच्या कानावर गेलं तेव्हा बाई ओशाळल्या, पण ती म्हणाली, "ठेवलंय ना नाव? मग लांबून कुजबुजू नका. मोठ्यानं हाक मारा, मला पाण्यात नीट ऐकू येत नाही." तेव्हापासून ती सगळ्यांचीच गाळमावशी झाली. उद्यानाच्या कार्यालयातला कारकूनसुद्धा तिला ह्याच नावानं हाक मारायचा.

तिची कामाची पद्धत पक्की होती. जुन्या पडद्यांच्या कापडाची जाळी ती स्वतः शिवायची. बाजारच्या जाळीला पंख अडकतात म्हणायची. ट्रे पांढरेच हवेत, कारण पाठीमागे पांढरं असल्याशिवाय पाण्यातलं कोणी दिसत नाही. ट्रेमध्ये आधी तळ्याचं पाणी, मग जाळी उलटी करायची. कोरडा हात कोणालाही लावायचा नाही. आणि सगळं बघून झालं, की ज्याला जिथून उचललं तिथेच नेऊन सोडायचं. "तुला घरातून उचललं आणि दुसऱ्याच गल्लीत नेऊन ठेवलं तर?" ती एखाद्याला विचारायची. पोरं खुशीत म्हणायची, "चालेल!" मग ती म्हणायची, "तुला चालेल रे. तुझ्या आईला विचारून सांग. नाहीतर नको, तिलाही चालेल."

पाण्यातल्या प्राण्यांबद्दल ती शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलायची. पाणविंचू म्हणजे 'हे गृहस्थ, दिसायला भयंकर, स्वभावानं गरीब.' चतुराची अळी म्हणजे 'ही बया. हिच्या शेजारी कोणाला ठेवू नका, हिचं जेवण झालेलं नसतं कधीच.' बाईंनी फळ्यावर जे अन्नसाखळी म्हणून शिकवलं होतं ते मुलांना त्या 'बये'मुळे कळायचं. आपल्याला पगार मिळतो तो अर्धा हिला द्यायला हवा, असं बाईंना परतीच्या बसमध्ये दरवर्षी वाटायचं आणि दरवर्षी शाळा आली की त्या ते विसरायच्या.

एका वर्षी बस बिघडली. चालक इंजिनात डोकं घालून बसला. मुलं हिरवळीवर खेळायला लागली आणि मावशी बाईंना म्हणाली, "चला, चहा टाकते. बरोबरचे सर आहेत पोरांपाशी."

रोपवाटिकेच्या मागे कामगारांच्या खोल्यांची एक ओळ होती. त्यातल्या शेवटच्या दोन तिच्या. बाहेर दोरीवर जाळ्या वाळत टाकलेल्या, दाराशी गमबूट पालथे घातलेले. आत एक पलंग, एक खुर्ची, आणि खुर्चीत मावशीच्या सासूबाई.

"या बाई, बसा," सासूबाई म्हणाल्या. "खुर्ची एकच आहे आणि तीत मी आहे. तुम्ही पलंगावर बसा. आमच्या सुनेनं तुम्हालाही चिखलात नेलं असेल."

"नाही, काठावरच होते."

"शहाण्या आहात. माझा मुलगा इथे माळी होता. तो गेला तेव्हा मला वाटलं, ही आता जाईल माहेरी. त्याच्या जागी हिला घेतलं आणि ही राहिली. मी म्हटलं, माझ्यासाठी राहिली. तर नाही! बेडकानं अंडी घातली होती, ती उबायची होती."

"उबत नाहीत ती," स्टोव्हपाशी बसलेली मावशी म्हणाली. "नुसती फुटतात."

"बघा. सासूची चूक काढते आणि बेडकाची बाजू घेते."

बाई मनापासून हसल्या. चहा कपात ओतता ओतता मावशी म्हणाली, "ह्यांची लेक आहे शहरात. पण तिच्याकडे एका खोलीत पाच माणसं. इथे निदान ह्यांना खिडकी आहे. नोकरीबरोबर खोल्या आहेत बाई. तळं आहे तोवर मी आहे, आणि मी आहे तोवर ह्यांची ही खुर्ची."

तेव्हा ते वाक्य बाईंना विशेष वाटलं नाही. बोलण्याच्या ओघात माणसं असं म्हणतात.

पुढे उद्यानात नवे अधीक्षक आले. माणूस वाईट नव्हता. झाडांना वेळेवर पाणी, कचऱ्याचे डबे रोज रिकामे, सगळं त्यांनी सुधारलं. फक्त त्यांना बाग भांग पाडल्यासारखी लागायची. तळं त्यांना भकास वाटलं. लोक येतात आणि त्यांना दिसतं काय, तर चिखल आणि गवत. म्हणून त्यांनी तळ्यात नारिंगी आणि पांढरे शोभेचे मासे आणून सोडले. लव्हाळं अर्ध्याहून जास्त काढलं आणि काठानं बाकं टाकली.

मासे बघायला लोक खरंच आले. येताना पाव घेऊन आले. मासे पाव खाऊन हाताएवढे झाले, आणि पाव नसेल तेव्हा बाकीचं सगळं खाऊ लागले. बेडकाची अंडी, शेपटीवाली पिल्लं, अळ्या, जे तोंडात मावेल ते. न खाल्लेला पाव तळाशी कुजला. पाणी हिरवं, दाट झालं. मावशीनं साहेबांना सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "अहो, मासे काय तळ्यात नसतात का?" ह्यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते ऐकायला साहेब थांबले नव्हते.

इतर शाळा हळूहळू यायच्या बंद झाल्या. बाई मात्र येत राहिल्या, कारण मुलांना त्या तळ्यात अजूनही सगळं मिळत होतं. ह्याचं बाईंना नवल वाटायचं. एकदा त्यांनी स्वतः पलीकडच्या काठानं जाळी फिरवून पाहिली, तर नुसता हिरवा लगदा आला. पायऱ्यांजवळ मात्र गोगलगायी, पाणविंचू, चतुराच्या अळ्या, सगळी मंडळी हजर. "इथूनच घ्या, पायऱ्यांजवळूनच," मावशी मुलांना बजावायची. "तिकडे गाळ खोल आहे." बाईंनी मनाशी म्हटलं, पायऱ्यांखाली कपारी असतील, तिथे माशांना शिरता येत नसेल. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला कारण सापडलं की तो पुढे शोधत नाही.

शेवटच्या सहलीचा दिवस उन्हाचा होता. बस उद्यानाच्या मागच्या रस्त्यानं आली. तिथे एका बंद पडलेल्या वीटभट्टीचा मोठा खड्डा होता, मातीसाठी खणलेला आणि मग पाण्यानं भरलेला. ट्रक पाडलेल्या इमारतींचा राडारोडा आणून त्यात ओतत होते. पाणी जवळजवळ उरलंच नव्हतं. बाईंनी ते खिडकीतून पाहिलं आणि मुलांची डोकी मोजायला लागल्या.

मावशी दरवर्षी पाण्यात असायची. ह्या वेळी ती फाटकापाशीच उभी होती. गमबूट वरपर्यंत ओले, हाताला खरचटलेलं, आणि चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसाचा. ती बाईंना बाजूला घेऊन भराभरा बोलली.

"बाई, आज साहेब येणार आहेत बघायला. बरोबर इंजिनियर आहे. तळ्याचा तळ सिमेंटचा करून होड्या सोडायच्या म्हणतात. मी म्हटलं, शाळा येतात, पोरं शिकतात. तर म्हणाले, दाखवा. आज बघून ठरवणार."

"मग दाखवू की आपण."

"पोरांना सांगा, काही मिळालं की ओरडा म्हणावं. एरवी मी ओरडू देत नाही. आज ओरडा."

मुलांना एवढी मोकळीक कुठे मिळते? पायऱ्यांवर जाळ्या फिरल्या आणि एकच गलका उडाला. "मावशी, हा बघ!" "बाई, माझ्याकडे तीन शेपट्यांचा!" "माझा दोनच शेपट्यांचा!" "खोटं, एक तुटलीय!" अधीक्षक साहेब आणि इंजिनियर काठावर उभे होते. इंजिनियर तरुण होता. तो एका ट्रेवर वाकला आणि स्वतःच लहान झाल्यासारखा म्हणाला, "अरे वा, हा तर पळतोय." साहेबांच्या कपाळावरची आठीही थोडी सैल झाली. मावशी कोणाकडेच बघत नव्हती. ती एकेका ट्रेकडे बघत होती, लग्नघरात वाढप्यानं पानांकडे बघावं तशी.

बाई ट्रेवर वाकल्या.

ट्रेमध्ये ओळखीचं कोणीच नव्हतं. पाणविंचू नाही, चतुराची बया नाही. होते ते सगळे चपट्या अंगाचे, रुंद डोक्याचे, शेपटीला तीन बारीक दोरे असलेले किडे. दगडाला चिकटून राहावं असंच त्यांचं शरीर घडलेलं. असे प्राणी तळ्यात नसतात. खळाळत्या, गार ओढ्यात दगडांच्या पोटाशी राहतात, प्रवाहात वाहून जाऊ नये म्हणून चपटे झालेले. बाईंनी हे किती वेळा फळ्यावर काढून दाखवलं होतं. साचलेलं पाणी डावीकडे, वाहतं पाणी उजवीकडे, मध्ये उभी रेघ.

जाळी पिळायच्या निमित्तानं त्या मावशीजवळ गेल्या.

"मावशी, हे वाहत्या पाण्यातले आहेत."

मावशीचे हात थांबले. "किडे ते किडे, बाई. पाण्यातलेच आहेत ना?"

"ह्यांना वाहतं पाणीच लागतं हो. साचलेल्या पाण्यात ह्यांना श्वास पुरत नाही. त्यातून हे ऊन."

मावशीनं बाईंच्या हातातली जाळी घेऊन पिळली. मग ओठ न हलवता म्हणाली, "नेहमी वीटभट्टीच्या खड्ड्यातून आणायची. पहाटे जाऊन पायऱ्यांजवळ सोडायची. तुम्ही गेलात की परत पकडून नेऊन सोडायची, जेवढी हाताला लागतील तेवढी. राहिली ती माशांची. ह्या वेळी गेले तर खड्डा बुजवलेला. मग टेकडीखालच्या ओढ्यावर गेले. अंधारात दगड उलटे करकरून आणलेत."

"कधीपासून करताय हे?"

"मासे आले त्याच वर्षापासून." तिनं साहेबांकडे पाहिलं. "हे किती वेळ तग धरतील?"

"मला नाही सांगता येणार."

"साहेब जाईपर्यंत धरतील?"

 बाई मुलांकडे परत गेल्या आणि ट्रे सावलीत घ्यायला सांगू लागल्या. पण मुलं ऐकायच्या मनःस्थितीत कुठे होती? साहेबांना दाखवायचं म्हणून ट्रे उन्हातून इकडून तिकडे नाचत होते.

वर्गात एक शांत मुलगी होती. हस्ताक्षर कोरल्यासारखं, बोलणं तोंडातल्या तोंडात. सगळ्यात भरलेला ट्रे तिच्याकडे होता आणि ती तो दोन्ही हातांनी, एक थेंब सांडू न देता, प्रत्येकापुढे नेऊन दाखवत होती. ती अचानक उभीच राहिली. तिच्या ट्रेमधले किडे तळ सोडून कडेनं वर चढू बघत होते. अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेले श्वासाचे नाजूक पंखे थरथर हलवत होते. एक उलटा झाला. मग दुसरा. तिसरा नुसता पाण्यावर तरंगायला लागला.

"मारलेस तू!" कोणीतरी म्हणालं.

"मी काही नाही केलं."

"ट्रे हलवलास जोरात. मी बघितलं."

"मी हळूच धरला होता. बाई, मी हळूच धरला होता ना?"

"हो गं, हळूच धरला होतास," बाई घाईनं म्हणाल्या. "ऊन आहे ना, पाणी तापलं असेल."

मुलीनं वर पाहिलं. तिचा चेहरा एवढासा झाला. "मग मीच नेला ना उन्हात."

बाईंच्या लक्षात आलं की आपण सावरायला गेलो आणि तिला आणखी खोल ढकललं. पण दुसरं सांगायचं तर काय सांगायचं? दहा पावलांवर साहेब उभे होते.

साहेबांना पुढच्या कामाची घाई होती. ते टाळ्या वाजवत म्हणाले, "छान, छान. चला मुलांनो, सगळ्यांना आता त्यांच्या घरी सोडा बरं. पाण्यात सोडतानाचा एक फोटो घेऊ." इंजिनियरनं फोन काढला. मुलं पायऱ्यांवर ओळीनं बसली. ती मुलगी सगळ्यात खालच्या पायरीवर होती. ट्रे तिनं वाकडा करायला घेतला आणि खालच्या हिरव्या पाण्यात नारिंगी तोंडं गोळा झाली. पायरीवर माणूस आला की पाव पडतो, एवढं त्यांना ठाऊक होतं. मुलगी रडत होती, पण आवाज न करता. खांदे तेवढे हलत होते.

"थांब," मावशी म्हणाली.

ती पायऱ्या उतरून तिच्या शेजारी बसली. तिनं तिच्या हातातला ट्रे घेतला.

"तू नाही मारलंस ह्यांना. ऐकतेस? उन्हानंही नाही. ह्यांचं घर इथे नाहीच. लांब ओढ्यात आहे. मी रात्री उचलून आणले आणि इथे टाकले. म्हणून मरताहेत."

 मुलांना नीटसं कळलं नव्हतं, पण मोठ्या माणसांचे चेहरे त्यांना वाचता येत होते.

"म्हणजे काय, मावशी?" साहेबांनी विचारलं. "हे आपल्या तळ्यातले नाहीत?"

"नाहीत."

"मग आपल्या तळ्यात काय आहे?"

"तुमचे मासे आहेत, साहेब."

इंजिनियरनं फोन खिशात ठेवला. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं बाईंना पुढे कितीतरी वेळा वाटलं. ते फक्त म्हणाले, "ठीक आहे," आणि इंजिनियरला घेऊन कार्यालयाकडे चालू लागले.

मावशीनं मोठी बादली आणली आणि एकेक ट्रे तिच्यात रिकामा केला. ओढा बसच्या वाटेवर नव्हता, पण फार आडबाजूलाही नव्हता. बाई चालकाकडे गेल्या. तो म्हणाला, "बाई, बसमध्ये चिखल झाला तर मालक माझा जीव खाईल. धुणार कोण?"

"मी धुईन."

"तुम्ही?" त्यानं एकदा त्यांच्याकडे आणि एकदा बादलीकडे पाहिलं. "चला बसा. किड्यांचं तिकीट काढा म्हणजे झालं."

एरवी ह्या विनोदावर बस हसली असती.

बादली मावशीच्या पायांमध्ये होती. तिच्याशेजारी ती मुलगी. पाणी उंचावरून पडलं की त्यात हवा मिसळते, हे बाईंनी सांगितलं आणि स्वतःच्या डब्याचं झाकण तिच्या हातात दिलं. मुलगी झाकणानं पाणी उचलायची, हात शक्य तितका उंच न्यायची आणि बादलीत सोडायची. ओढा येईपर्यंत ती हेच करत राहिली. हात भरून आला की दुसरा हात. मागच्या बाकांवरची मुलं उठून बघायला आली नाहीत.

मावशी एकदाच बोलली. "सासूबाईंना आज काय सांगू?" हे तिनं बाईंना विचारलं नव्हतं, खिडकीबाहेर बघून ती स्वतःशीच म्हणाली.

ओढ्याला पाणी बेताचंच होतं, पण गार होतं आणि वाहत होतं. मावशीनं बादली आडवी करून पाण्यात टेकवली आणि हळूहळू रिकामी होऊ दिली. पुष्कळसे किडे वाळक्या पानांसारखे नुसते वाहत गेले. काही दगडाला लागले आणि तिथेच राहिले. मुलगी वाकून वाकून बघत होती.

"किती जगले, मावशी?"

"जे दगड धरून बसलेत, ते."

"ते थोडेच आहेत."

"हो," मावशी म्हणाली. "थोडेच आहेत."

तिथून मावशी चालत परत गेली. बसनं सोडतो असं चालक म्हणाला, तरी चढली नाही.

पुढच्या आठवड्यात बाई अधीक्षकांना भेटायला गेल्या. बोलायचं सगळं त्यांनी मनात जुळवून नेलं होतं. मासे कोणी सोडले, तळं कशानं मेलं, मावशीनं किती मुलांना काय काय शिकवलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चहाही मागवला. मग म्हणाले, "बाई, माझी फसवणूक झाली ह्याचं मला काही नाही. पण तुमच्या मुलांची झाली ना? इतकी वर्षं ती बघत होती ते तळं नव्हतंच."  बाईंनी चहा अर्धाच ठेवला. मावशीवर कारवाई वगैरे झाली नाही. तळंच राहणार नाही, तेव्हा तळ्यावरची नोकरीही राहणार नाही, इतकं सरळ ते पत्रात लिहिलं होतं, आणि खोल्या महिनाअखेर रिकाम्या करायच्या होत्या.

पाणी उपसलं त्या दिवशी मासे टबांतून दुसऱ्या उद्यानात गेले. तळाला सिमेंट झालं आणि आता तिथे पायानं चालवायच्या होड्या आहेत. बदकाच्या आकाराच्या. सुट्टीच्या दिवशी त्यांच्यासाठी रांग असते.

सासूबाईंना लेकीनं न्यायला माणूस पाठवला होता. त्या गेल्या नाहीत. "लेकीकडे मी भांडू कोणाशी?" म्हणाल्या. दोघींनी सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर एक खोली घेतली. जिना अरुंद आणि खडा. सासूबाईंना खुर्चीत बसवून दोन माणसांनी वर चढवलं, त्यानंतर त्या खाली उतरलेल्या नाहीत. बाई एकदा भेटायला गेल्या तेव्हा त्यांनी नेहमीसारखीच पलंगाकडे बोट दाखवून बसायला सांगितलं, पण सुनेची थट्टा केली नाही. सून कामावर गेली होती. "थकून येते," एवढंच म्हणाल्या. "बोलत नाही आल्यावर. मी काही बोलले तरी उलटून बोलत नाही." हे सांगताना त्या रडवेल्या झाल्या.

बाई त्यानंतर चार वर्षांनी निवृत्त झाल्या. तो धडा त्यांनी उरलेली वर्षं पुस्तकावरूनच शिकवला. ती शांत मुलगी पुढच्या वर्गांत गेली. तिनं त्या दिवसाबद्दल कधी काही विचारलं नाही आणि बाईंनीही काढलं नाही. मात्र सहामाहीच्या पेपरात 'परिसरातील तळ्याचे वर्णन करा' हा प्रश्न आला तेव्हा तिनं तो सोडून दिला होता. बाकी सगळा पेपर कोरल्यासारख्या अक्षरात पूर्ण होता.

मावशी आता सरकारी रुग्णालयाच्या धुलाई विभागात आहे. वॉर्डांतून आलेल्या चादरी वेगळ्या करायच्या, डाग पडलेल्या बाजूला काढायच्या, यंत्रात भरायच्या. तिथे तिला कोणी गाळमावशी म्हणत नाही, नुसतं मावशी म्हणतात. ती दुपारच्या पाळीला असते आणि गुरुवारी तिला सुट्टी असते.